हातउसने पैसे, तोंडी शब्द आणि कायदा

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गासाठी आम्ही घेतलेला विषय आपल्या मागणीपत्रात कधी येत नाही. महागाई भत्ता, ड्यूटीचे तास, भरती, पेन्शन यांवर आपण गेटसमोर मोठ्याने बोलतो. कर्जाविषयी माणूस मोठ्याने बोलत नाही. तो संध्याकाळी, बाकीचे गेल्यावर युनियनच्या कचेरीत येतो, दार थोडे लोटून घेतो आणि खिशातून चार घड्या केलेली वकिलाची नोटीस काढतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मी काही लिहून दिलेले नाही. मग हा माझे काय करणार?" दुसऱ्या दिवशी दुसरा येतो. त्याने पैसे दिलेले असतात. तो विचारतो : "लिहून घेतले नाही, म्हणजे पैसे बुडालेच ना?" पुष्कळदा हे दोघे एकाच गँगमधले, एकाच सॉर्टिंगच्या टेबलावरचे असतात आणि दोघेही आपलेच सभासद असतात. म्हणून युनियन इथे कोणा एकाची बाजू घेऊ शकत नाही. कायदा काय आहे तेवढे दोघांना सारखेच सांगणे हे आमचे काम.

दोघांची समजूत एकच असते, की कागद नाही म्हणजे कर्ज नाही. ती चुकीची आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १० प्रमाणे करार होण्यास दोन्ही पक्ष सज्ञान व शुद्धीवर असावेत, संमती राजीखुशीची असावी, मोबदला आणि हेतू कायदेशीर असावा, एवढे पुरते. करार कागदावरच असला पाहिजे, अशी हातउसन्या पैशांना अट नाही. तोंडी घेतलेले कर्ज हे कर्जच आहे आणि ते वसूल करण्यासाठी दिवाणी दावा लावता येतो. इतकेच काय, जामीनकीसुद्धा तोंडी होऊ शकते. "तू दे रे त्याला, नाही दिले तर मी आहे" हे चहाच्या टपरीवर सहज बोललेले वाक्य कलम १२६ खाली जामीनकी ठरू शकते, आणि कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. सहज म्हणून असे बोलू नये.

मग कागदाने फरक काय पडतो? फरक पडतो तो पुराव्यात. कर्ज असणे वेगळे आणि ते कोर्टात शाबीत होणे वेगळे. जो दावा लावतो त्यानेच आपले म्हणणे शाबीत करायचे असते. पुराव्याचा जुना कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी या तत्त्वात बदल झालेला नाही.

समजा, एका पॉइंट्समनने मुलीच्या लग्नासाठी बरोबरच्या माणसाकडून साठ हजार रुपये घेतले. वीस हजार हातात रोख घेतले आणि चाळीस हजार मोबाईलवरून खात्यात आले. पुढे वाद झाला. चाळीस हजार खात्यात आले हे बँकेच्या उताऱ्यावरून दिसेल. पण ते उसने होते, की आहेर होता, की आधीचे देणे फेडले, हे उताऱ्यावर लिहिलेले नसते. ते उसनेच होते हे देणाऱ्याने दाखवायचे. रोख वीस हजारांचे तर साक्षीदारावरच येऊन ठेपते. पैसे दिले तेव्हा तिथे कोण होते? ते कोर्टात येऊन सांगतील का? उलटतपासणीत टिकतील का? देणाऱ्याच्या डायरीतली नोंद उपयोगी पडते, पण नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतली नोंदसुद्धा एकटी कोणाला देणेकरी ठरवायला पुरत नाही, असे कायदाच म्हणतो. मोबाईलवरचे निरोप पुरावा म्हणून घेतले जातात, मात्र त्यांच्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. फोन बदलला, निरोप पुसले गेले, की तो पुरावाही गेला.

घेणाऱ्याला हे ऐकून हायसे वाटेल. त्याने जरा थांबावे. तोच पॉइंट्समन समन्स आल्यावर घाबरून किंवा "कागद कुठे आहे" या भरवशावर कोर्टात गेलाच नाही, तर देणाऱ्याची साक्ष एकतर्फी होते, तिला विचारणारा कोणी राहत नाही आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. आमच्याकडे येणाऱ्या पगारजप्तीच्या कागदांत असे एकतर्फी हुकूमनामे पुष्कळ दिसतात. कर्ज शाबीत झाले म्हणून नव्हे, तर माणूस हजर झाला नाही म्हणून ते झालेले असतात.

येथे टपालाच्या बंधूंना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. नोटीस घेण्यास नकार दिला की ती लागू होत नाही, ही समजूत घेऊन किती लोक दारातून पोस्टमनला परत पाठवतात, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक? बरोबर पत्त्यावर पाठवलेली आणि "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत गेलेली नोटीस सामान्यपणे पोचलीच असे धरले जाते. आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळले आहे, तरी शेऱ्याचे महत्त्व तेच आहे. नोटीस घ्यावी, वाचावी आणि तारीख लिहून ठेवावी.

आता मुदतीविषयी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे उसन्या पैशांचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. ही तीन वर्षे कधीपासून मोजायची, यात लोक फार चुकतात. "मागू तेव्हा दे" असे म्हणून दिलेल्या कर्जाची मुदत मागितल्या दिवसापासून नव्हे, पैसे दिल्या दिवसापासून धावते. म्हणजे चार वर्षे भिडेखातर गप्प बसलेला माणूस पाचव्या वर्षी मागायला गेला, तर कोर्टाचे दार त्याला बंद झालेले असते. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने तो स्वतः पाहून दावा काढून टाकायचा आहे. परतीची तारीख ठरली होती असे देणाऱ्याचे म्हणणे असेल, तर ती तारीखही त्यालाच शाबीत करावी लागते.

मुदत नव्याने सुरू करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने देणे असल्याची लेखी कबुली सही करून देणे. दुसरा, मुदतीच्या आत काही रक्कम देणे. पण त्या दुसऱ्या मार्गातही रक्कम दिल्याची नोंद ऋणकोच्या हस्ताक्षरात किंवा सहीची पाहिजे. नुसते "त्याने मध्ये दोन हजार दिले होते" असे तोंडाने म्हणून चालत नाही. चेकने रक्कम दिली असेल तर चेकवरची सही कोर्टांनी अशी नोंद म्हणून मानली आहे.

मुदत टळली म्हणजे कर्ज नाहीसे झाले असे मात्र नाही. कोर्टामार्फत वसूल करण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. मुदतबाह्य कर्ज कोणी आपखुशीने फेडले, तर "मुदत गेली होती, परत द्या" असे म्हणता येत नाही. आणि मुदतबाह्य कर्ज देण्याचे नवे वचन लेखी, सही करून दिले, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते बंधनकारक होते. म्हणून कोणी जुन्या, विसरलेल्या देण्यासाठी "नुसती एक सही कर, घरी दाखवायला पाहिजे" म्हणाला, तर ती सही काय करते हे समजून करावी. देणे खरे आहे आणि फेडायचे आहे असे मनात असेल तर जरूर करावी. आम्ही कर्ज बुडवायला शिकवत नाही.

हप्त्याने फेडणाऱ्यांसाठी एक बारीक पण फार उपयोगी गोष्ट. एकाच माणसाची दोन-तीन देणी असतील, तर देताना "हे अमुक कर्जापोटी" असे सांगण्याचा अधिकार ऋणकोला आहे. त्याने काही सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर धनको ती रक्कम आपल्या मर्जीने कोणत्याही कायदेशीर देण्याकडे लावू शकतो, मुदत गेलेल्या देण्याकडेसुद्धा. आणि व्याज ठरलेले असेल तर काही न बोलता दिलेली रक्कम आधी व्याजात जाते, मुद्दल तसेच राहते. तेव्हा देताना बोला, "मुद्दलापोटी" असे पावतीवर लिहून घ्या, मोबाईलवरून देत असाल तर शेऱ्याच्या जागी तेच शब्द टाका.

व्याज ठरलेलेच नसेल तर? मित्राने मित्राला बिनव्याजी दिले आणि भांडण झाल्यावर तो शेकडा दोनने हिशेब मांडू लागला, तर त्याला तसा करार शाबीत करावा लागेल. करार नसताना १९७८ च्या व्याज कायद्याखाली कोर्ट व्याज देऊ शकते, पण लेखी कागद नसलेल्या देण्यावर ते व्याजाची मागणी करणारी लेखी नोटीस दिल्यानंतरच्या काळाचे.

आता चेक. तोंडी कर्ज दुबळे असते, पण त्याच्या जोडीला एक कोरा सही केलेला चेक दिला की तेच कर्ज एकदम बलवान होते. हे आमच्या लोकांच्या ध्यानात येत नाही. कागद करायचा नाही म्हणतात आणि "तारण" म्हणून दोन कोरे चेक सही करून देतात! पराक्राम्य संलेख कायद्यात कलम १३८ हे १९८९ च्या एप्रिलपासून लागू झाले. चेक पैशाअभावी परत आला, बँकेकडून तसे कळल्यापासून तीस दिवसांत धनकोने लेखी नोटीस दिली, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम दिली नाही, तर त्यापुढील एक महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. येथे पुराव्याचे ओझे उलटे होते : चेक देण्यापोटीच दिला होता असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे असते. चेकवरचा आकडा दुसऱ्याने भरला ही सबब पुरत नाही, स्वेच्छेने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकलाही हे गृहीतक लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. फौजदारी शिक्षा झाली की आपल्या नोकरीत पुढे काय होते ते तुम्हांला माहीत आहे. रेल्वेत १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतील नियम १४ आणि टपालात १९६५ च्या नियमांतील नियम १९ खाली, नेहमीची खातेनिहाय चौकशी न करताही कारवाई होऊ शकते.

एवढा अपवाद सोडला तर कर्ज न फेडणे हा गुन्हा नव्हे. घेतानाच बुडवण्याचा हेतू होता, खोटे सांगून पैसे काढले, असे असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक होते. पण हप्ते थकले, आजारपण आले, यासाठी पोलीस वसुली करू शकत नाहीत. "ठाण्यात बसवतो" ही धमकी ज्याला येते त्याने घाबरून नवा कागद सही करून देऊ नये. शाखेकडे यावे.

तुरुंगाविषयीही बरीच भीती आहे. दिवाणी हुकूमनाम्यापोटी दिवाणी कैद कायद्यात आहे, पण ऐपत असूनही जो देत नाही त्याच्यासाठी. गरिबीमुळे देता येत नाही एवढ्यावरून कोणाला कैदेत टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालात ठणकावून सांगितले. दोन हजारांपर्यंतच्या हुकूमनाम्यापोटी कैद नाहीच, पाच हजारांवरील रकमेसाठी ती तीन महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही. पण आपल्याला येथे एक जास्तीची काळजी आहे. सेवानियमांत अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त अटकेत राहिलेला कर्मचारी आपोआप निलंबित समजला जातो, आणि तिथे शब्द "फौजदारी आरोपावरून किंवा अन्यथा" असे आहेत. दिवाणी कैदही त्या "अन्यथा" मध्ये येऊ शकते. म्हणून कोर्टाने ऐपतीविषयी विचारले, तर पगारपत्रक, सोसायटीचे हप्ते, घरभाडे, औषधांची बिले सगळे घेऊन हजर राहावे.

आता आपल्या सर्वांना जवळच्या विषयाकडे, पगारजप्तीकडे येऊ. यावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत.

पगारदार माणसाचा पगार हे धनकोला सगळ्यांत सोपे तारण वाटते, कारण पगार पळून जात नाही. १९२९ साली जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक रॉयल कमिशन नेमले गेले. त्याच्या सभासदांत आपले ना. म. जोशी होते. कमिशनने १९३१ च्या अहवालात कामगारांचा कर्जबाजारीपणा, सावकारांचे गेटवर ठाण मांडणे आणि पगारावरील जप्ती यांचा सविस्तर विचार केला. त्यानंतर १९३७ साली दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये दुरुस्ती होऊन पगाराचे पहिले शंभर रुपये आणि उरलेल्याचा अर्धा भाग जप्तीतून सुटला. १९७६ च्या दुरुस्तीने ही सूट पहिले चारशे रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश अशी झाली. १ जुलै २००२ पासून चारशेचे हजार झाले. हजाराच्या पुढे तो आकडा सरकलेला नाही.

हिशेब असा. जप्तीसाठी धरायचा मासिक पगार छेचाळीस हजार असेल, तर पहिले हजार सोडून राहिले पंचेचाळीस हजार. त्यांचा तिसरा हिस्सा, पंधरा हजार, जप्त होऊ शकतो. एकतीस हजार हातात राहतात, पण ते कागदावर! सोसायटीचा हप्ता वजा करून मग तिसरा हिस्सा काढतात असे कोणी समजू नये. हिशेब एकूण पगारावर होतो, सरकारने अधिसूचनेने सूट दिलेले भत्ते तेवढे वगळून. निलंबनकाळातला निर्वाहभत्ता मात्र जप्तीतून मुक्त आहे. आणि बिल सेक्शनच्या बाबूला विनवून जप्ती थांबत नाही. कोर्टाचा हुकूम आल्यावर त्याविरुद्ध पगार दिला गेला तर ती रक्कम प्रशासनाच्या अंगावर येते, तेव्हा त्या बिचाऱ्याला अडचणीत टाकू नका.

पुष्कळांना माहीत नसलेली एक सवलत या कलमातच आहे. एका हुकूमनाम्याखाली पगारजप्ती एकूण चोवीस महिने चालली, की त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा सुटतो. दुसऱ्या हुकूमनाम्याची जप्ती असेल, तरी एकूण चोवीस महिन्यांनंतर बारा महिने मोकळे मिळतात. हे आपोआप होईल असे धरून बसू नये. चोविसावा महिना वहीत लिहून ठेवावा आणि वेळेवर कोर्टात अर्ज करावा. पोटगीच्या हुकूमनाम्याचा नियम वेगळा आहे, तिथे एवढी सूट नाही, आणि नसावीच असे आमचे मत आहे.

आता त्या हजार रुपयांविषयी. २००२ साली हजार झाले तेव्हा पाचव्या वेतन आयोगाचा किमान मूळ पगार २,५५० रुपये होता, म्हणजे हजार रुपये ही त्याची जवळजवळ चाळीस टक्के रक्कम होती. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून किमान मूळ पगार १८,००० केला. त्याच प्रमाणात वाढ झाली असती तर पहिले सात हजार रुपये जप्तीबाहेर राहिले असते. महागाई भत्त्यासाठी निर्देशांक आहे, जप्तीच्या सुटीला नाही. हा आकडा वाढवून तो महागाईशी जोडावा अशी मागणी फेडरेशनने केली पाहिजे. तसा ठराव आपण आपल्या शाखांतून पाठवू या. ही सूट कर्ज बुडवणाऱ्याला नाही, त्याच्या पोरांच्या जेवणाला आहे.

भविष्य निर्वाह निधीतील सक्तीची वर्गणी, पेन्शन आणि सरकारी सेवानिवृत्ताला मिळणारी ग्रॅच्युइटी यांवर जप्ती येत नाही. घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, नेसायचे कपडे, स्त्रीचे मंगळसूत्रासारखे धर्मरिवाजाने न उतरवायचे अलंकार हेही सुटतात. हुकूमनामा मात्र बारा वर्षे जिवंत राहतो. आज पगार सुटला म्हणून उद्या घेतलेली जागा सुटेल असे नाही.

कर्मचाऱ्याचे निधन झाले तर काय, हे विधवा भगिनी आम्हांला विचारतात. वारसांनी मृताच्या मालमत्तेतून जेवढे मिळाले तेवढ्यापुरतीच त्यांची जबाबदारी असते, आपल्या स्वतःच्या कमाईतून नाही. बापाचे कर्ज फेडणे हे हिंदू मुलाचे धार्मिक कर्तव्य, म्हणून त्याच्यावर दावा, ही जुनी वाट २००५ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरनंतरच्या कर्जांना बंद केली आहे. कुटुंब निवृत्तिवेतनावर जप्ती नाही. दहाव्याच्या आत दारात येऊन "त्याने माझ्याकडून तोंडी घेतले होते" असे सांगणाऱ्याला नम्रपणे एवढेच म्हणावे की पुरावा दाखवा. आणि दुःखात असताना कशावरही सही करू नये.

सेवानियमांकडे वळू. रेल्वेचे १९६६ चे आचरण नियम आणि टपालासह केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे १९६४ चे आचरण नियम, दोन्हींत नियम १६ आणि १७ बघा. ग्रामीण डाक सेवकांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी ते वेगळे पाहावेत. नियम १६ प्रमाणे ज्याच्याशी आपला कामाचा संबंध येतो त्याच्याकडून कर्ज घेता येत नाही, आणि कोणालाही व्याजाने पैसे देता येत नाहीत. नातेवाईक किंवा जिवलग मित्राकडून थोडी रक्कम, तात्पुरती आणि बिनव्याजी घेता-देता येते, दुकानदाराकडे उधारीचे खाते ठेवता येते. नियम १७ प्रमाणे कर्मचाऱ्याने सततच्या कर्जबाजारीपणापासून दूर राहावे, आणि वसुलीचा दावा लागला तर ताबडतोब सगळी हकिकत वरिष्ठांना कळवावी. दावा लागणे हा दोष नाही, तो लपवणे हा दोष होतो. कर्ज उधळपट्टीने नव्हे, टाळता न येणाऱ्या कारणाने झाले, हे दाखवण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर आहे. म्हणून इस्पितळाची बिले फेकू नका.

नियम १६ मधला व्याजाचा भाग मुद्दाम पुन्हा सांगतो, कारण तो आपल्याच काही बंधूंना ऐकू जायला हवा. काही ठिकाणी आपलाच माणूस आपल्याच माणसांना महिना शेकडा पाचने पैसे देतो आणि पगार झाला की एटीएमपाशी उभा राहतो. वीस हजारांवर महिना हजार रुपये व्याज. वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज जाते आणि मुद्दल जागच्या जागी. एटीएम कार्ड आणि त्याचा नंबर सावकाराच्या खिशात! हे गैरवर्तन तर आहेच, शिवाय परवान्याशिवाय सावकारीही आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे कर्ज देताना परवाना नव्हता तर सावकाराच्या बाजूने कोर्ट हुकूमनामा देत नाही, आणि विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. गुजरातचा असा कायदा २०११ चा आहे, कर्नाटकचा १९६१ चा. बडोदा, हुबळीकडच्या आपल्या मराठी बंधूंनी आपापल्या राज्याचा कायदा पाहावा. करार, मुदत, चेक आणि जप्तीचे जे कायदे आम्ही सांगितले ते केंद्राचे असून सगळीकडे सारखेच आहेत. एकदा मित्राला बिनव्याजी मदत करणारा माणूस सावकार ठरत नाही, हेही लक्षात ठेवा. असा गाळा त्याच्यावर घालून खरे देणे टाळणाऱ्याच्या मागे युनियन उभी राहणार नाही.

रोखीचे व्यवहार थोडक्यात. वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. मात्र त्यामुळे कर्ज रद्द होते असे नाही. चेकच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये तसे म्हटले आहे. दंड वेगळा, देणे वेगळे.

मग लिहायचे तरी काय? वकिलाची भाषा नको. वहीच्या पानावर तारीख, दोघांची नावे, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, कशी दिली, व्याज आहे की नाही, परतीची तारीख, घेणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार. प्रॉमिसरी नोट करायची तर तिच्यावर रेव्हेन्यू तिकीट लावून सही हवी. तिकीट नसलेली नोट दंड भरूनही कोर्ट पुराव्यात घेत नाही. रुपयाचे तिकीट पोस्टात मिळते, ते तुम्हीच विकता. फेड झाली की कागद परत घ्यावा किंवा त्यावर "पूर्ण फिटले" असे लिहून सही घ्यावी. "मित्रावर विश्वास नाही का?" असे कोणी म्हणेल. त्याला सांगा, विश्वास आहे म्हणून तर पैसे देतो आहे. कागद आठवणीसाठी आहे. पाच वर्षांनी रक्कम पन्नास होती की साठ, यावरून दोन घरांचे बोलणे तुटते, ते आम्ही पाहतो.

वाद कोर्टात जाण्यापूर्वीच लोक अदालतीत नेता येतो. तिथला तडजोडीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून झेपेल तोच हप्ता कबूल करा. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळण्याचा हक्क स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्यांना आहे.

ज्यांना समन्स लागू झाले आहे त्यांनी आज सभा संपल्यावर थांबावे. लेखी कैफियत द्यायला समन्स मिळाल्यापासून तीस दिवस असतात, कोर्टाच्या परवानगीने नव्वदपर्यंत. एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल तर तो उठवण्याच्या अर्जालाही तीसच दिवस आहेत. येताना समन्सची प्रत, ते ज्या दिवशी हाती पडले ती तारीख, गेल्या तीन वर्षांचे बँकेचे उतारे आणि पगारपत्रक बरोबर असू द्या. देणारे आणि घेणारे दोघेही आले तर समोरासमोर बसवण्याची व्यवस्था मागच्या खोलीत केली आहे.